खिंडीतला झरा

१२ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळालं. आमच्या बिल्डिंगमध्ये पोस्टमन हल्ली फक्त तुझ्यासाठी चार जिने चढतो. त्याचा चढही तुझ्या डोंगरांच्या वहीत धरायला हरकत नाही.

बाबांबद्दल तू विचारलंस. आई गेल्यापासूनची दोन वर्षं तशीच चालली आहेत. कापड कापायच्या टेबलापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून टेबलापर्यंत. पाच-सहा जुनी गिऱ्हाइकं अजून कोट शिवायला येतात, म्हणून कात्री तरी हातात असते. पण दोऱ्याचं रीळ आणायलाही खाली उतरत नाहीत, मला सांगतात. डॉक्टर म्हणाले, यांना चालवा. मी दिवसभर इस्पितळाच्या औषधखिडकीत बसून लोकांना शहाणपण शिकवते आणि घरी बापाला चार पावलं चालवता येत नाही.

पण गेल्या रविवारी वेगळंच झालं. आईच्या डब्यातली तुझी पत्रं मी लावून ठेवत होते. बाबा कापत होते. कात्री खाली ठेवून म्हणाले, "ते डोंगराच्या उत्तरेच्या धारेचं वाच." मी वाचलं. डायलिसिसच्या खुर्चीत आई ते इतक्यांदा वाचायची की घडीवर कागद विरलाय. नर्सलाही वाचून दाखवायची, "माझा धाकटा भाऊ बघा" असं म्हणून. तू लिहिलंयस, "सोळा किलोमीटर, चढ एक हजार चाळीस मीटर, साडेपाच तास. खिंडीत उजव्या हाताला कातळाखाली झरा आहे, बारमाही. ओंजळीनं पाणी प्यायलो तेव्हा तुझी आठवण आली, ताई."

वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "जाऊ या का आपण तिथं?"

मामा, दोन वर्षांत त्यांनी कशालाही 'जाऊ या का' म्हटलेलं नाही.

तर मला नीट सांग. वाट अजून तशीच असेल ना? पाणी किती न्यावं? बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत, पण गुडघे माझ्याहून बरे आहेत. गिर्यारोहण मंडळाकडून तुझा पाच लाख मीटर चढाचा सत्कार होणार हे ऐकून बाबा आज पहिल्यांदा शेजाऱ्यांशी आपण होऊन बोलले.

तुझी खारू

२५ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. दाजी डोंगरावर निघाले ही बातमी मी मंडळात सांगितली तर कुणी खरी मानणार नाही.

उत्तरेची धार चांगलीच आहे, पण मी म्हणेन, सुरुवात तिथून करू नये. दक्षिणेकडून गाडीरस्ता आहे, झाडी आहे, बसायला बाकंसुद्धा आहेत. दाजींना तेच मानवेल. तरी तुम्ही ठरवलंच असेल तर सकाळी लवकर निघा. पायात घट्ट बूट हवेत. काठी न्या. उतरताना पावलं आडवी टाका. पाण्याचं म्हणशील तर मी गेलो त्याला पाच वर्षं झाली, तेव्हा जवळ थोडं असलेलं बरं. बाकी झरा आहेच.

सत्कार एप्रिलच्या पहिल्या रविवारी आहे. मंडळातली पोरं मला 'मीटरकाका' म्हणतात, तेच मानपत्रावरही छापणार आहेत म्हणे. चेष्टा आहे, पण चालायचंच. अजून चौदाशे मीटर बाकी आहेत. दोन रविवारांचं काम.

आजअखेर एकूण : १२,३४० कि.मी., चढ ४,९८,६०० मी.

तुझा मामा

१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. बाबा म्हणतात, मामाला कळवू नकोस, त्याला वाईट वाटेल. पण तुझ्यापासून लपवून मला जमणार नाही.

आम्ही अकरा तारखेला गेलो. तुला न जुमानता धारेनंच गेलो, कारण बाबांना तीच वाट हवी होती. सकाळी सहाला चढायला लागलो. दोघांत मिळून दोन लिटर पाणी होतं. जास्त घ्यायला हवं होतं, तू सुचवलंही होतंस, पण झरा आहे म्हणून मीच एक बाटली गाडीत ठेवून दिली. वाट कुठं चुकलो देव जाणे. तुझ्या हिशोबानं साडेआठपर्यंत खिंडीत पोचायला हवं होतं, आम्ही साडेबाराला पोचलो. मध्ये दोन ठिकाणी कातळ हातापायांनी चढावा लागला. तू त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस, म्हणजे आम्ही भलत्याच वाटेनं गेलो असणार.

खिंडीत झरा मिळाला नाही. उजव्या हाताला बघितला, डाव्या हाताला बघितला. बाबा तासभर शोधत राहिले. मी म्हणत होते, बाबा, बसा. ते म्हणत, "इथंच असणार, त्यानं लिहिलंय."

उतरताना त्यांना गरगरायला लागलं. सुट्या दगडांच्या उतारावर पाय गेला आणि ते उजव्या हातावर पडले. आवाज मला ऐकू आला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक वनरक्षक फेरीवर आला, त्यानं पाणी दिलं आणि त्यांना खाली आणलं.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय. उद्या ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवणार आहेत.

दादा परगावाहून फोनवर मला जे बोलला ते इथं लिहीत नाही. तो चुकीचं बोलला नाही. औषधाच्या प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणारी मी, आणि तुझी सरळ लिहिलेली वाट मला वाचता आली नाही. मामा, मला तुझ्यापुढं फार लाज वाटतेय, मला माफ कर. तू इतक्या वर्षांचं सगळं आमच्या हातात दिलंस आणि मी ते असं वापरलं.

कधी येशील तेव्हा नकाशावर दाखव, आम्ही कुठं चुकलो.

खारू

२७ फेब्रुवारी

चि. खारूस आशीर्वाद.

पत्र वाचून सुन्न झालो. दाजींचं ऑपरेशन नीट झालं असेल अशी आशा आहे.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. झरे आटतात. पाच वर्षांत डोंगर पुष्कळ बदलतो, वाटा मोडतात. यात कुणाची चूक असेलच असं नाही.

लगेच यायला हवं होतं, पण सध्या गुडघा धरलाय आणि मंडळाचीही कामं आहेत. दाजींना जपा. दूध, अंडी भरपूर द्या.

तुझा मामा

१० मार्च

प्रिय मामा,

ऑपरेशन झालं. पट्टी आणि सहा स्क्रू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूठ पूर्ण मिटेल असं धरून चालू नका. बाबांना अजून सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलंय. काल त्यांनी मोठी कात्री पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

तू 'झरे आटतात' लिहिलंस त्यानं मला जरा धीर आला. पण तुला एक गोष्ट सांगायची आहे. त्या वनरक्षकाचे आभार मानायला मी परवा त्याच्या चौकीवर गेले होते. झऱ्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "बाई, त्या खिंडीत पाणी कधीच नव्हतं. माझा बाप याच चौकीवर होता. आम्ही वर जातो ते पाठीवर कॅन घेऊन जातो."

मी म्हटलं, "माझ्या मामांनी स्वतः प्यायलंय."

तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. मला राग आला. मी त्याला म्हटलं, "माझे मामा तीस वर्षं वजनमापं खात्यात होते. बाजारातल्या दुकानदारांचे काटे तपासायचे. त्यांचं माप चुकत नाही. तुम्हालाच तुमचा डोंगर माहीत नसेल." आणखीही बोलले. चारचौघांसमोर. तो एवढंच म्हणाला, "मग त्यांच्याकडून जागा लिहून आणा. पाणी असेल तर आम्ही पायथ्याच्या फलकावर रंगवू. उन्हाळ्यात शाळांच्या सहली येतात, उपयोग होईल."

तर सोबत नकाशाचा तुकडा पाठवतेय. झऱ्याच्या जागी फुली मार आणि खाली सही कर. मी नेऊन देईन. त्याचं तोंड बंद होईल आणि बाबांनाही बरं वाटेल. ते अजून म्हणतात, आपणच नीट शोधलं नाही.

तुझी खारू

१७ मार्च

खारू,

नकाशाचा तुकडा चार दिवस टेबलावर होता. तो तसाच परत पाठवतोय. फुली मारलेली नाही. फलकावर काही रंगवू देऊ नकोस.

मी त्या खिंडीत कधी गेलेलो नाही. उत्तरेच्या धारेवर मी पाऊलही टाकलेलं नाही. तुम्ही वाट चुकला नाहीत. तुम्ही बरोबर वाटेनं गेलात, चुकीची वाट मी लिहिली होती.

आता सगळं सांगतो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका कड्याच्या आडव्या वाटेवर माझे पाय थांबले. पडलो नाही, लागलं नाही. फक्त पुढं जाता येईना आणि मागं वळता येईना. वाट दोन हात रुंद होती, तिच्यावरून मी आधी वीस वेळा गेलो असेन. कातळाला छाती लावून अर्धा तास उभा होतो. मागून कॉलेजातल्या दोन मुली आल्या. एकीनं माझी सॅक घेतली, दुसरीनं हात धरला आणि लहान मुलाला रस्ता ओलांडून न्यावं तसं मला खाली आणलं. "काका, इकडं बघा, माझ्याकडं बघा" असं म्हणत होती. मी बावन्न वर्षांचा होतो. मंडळात मी सांगितलं की शिखर झालं. वहीत लिहिलं, चढ ८१० मीटर.

पहिल्यांदा खोटं लिहिताना हात थरथरला असं लिहायला आवडलं असतं. नाही थरथरला. अक्षर चांगलं आलंय, आत्ताच बघितलं.

त्यानंतर उंचीवर गेलो की छातीत तेच व्हायचं. मी जाणं सोडलं, पण लिहिणं सोडलं नाही. रविवारी पहाटे सॅक पाठीला लावून घरातून निघायचो, कारण शेजारी बघतात. बसनं गावाबाहेरच्या तलावावर जायचो. बांधावरून एक फेरी मारायची, मग बाकावर नकाशा पसरायचा. काडीनं उंचीच्या रेघा मोजायच्या, वेळ काढायची, दिवस मावळला की बुटांना माती लावून परतायचं. बुटांना माती, खारू. नुसता आकडा उभा राहत नाही हे मला नोकरीत कळलं होतं. खोटा काटा ठेवणारा दुकानदार आधी काटा पुसून चकचकीत ठेवतो. तसे मी बारकावे घालायचो. उत्तरेच्या धारेच्या नकाशात खिंडीपाशी एक निळा ठिपका होता. तो छापखान्यातला डागही असू शकेल हे तेव्हाही मनात आलं होतं. मी त्याचा झरा केला, त्याला बारमाही केलं आणि ओंजळीनं प्यायलो.

मी स्वतःला सांगत आलो की हे ताईसाठी होतं. खुर्चीला जखडलेली बहीण, तिला तेवढाच वारा. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण ताई आजारी पडायच्या आधी तीन वर्षं मी खोटं लिहीत होतो, आणि ती गेल्यावर दोन वर्षं लिहिलं. तेव्हा ते कुणासाठी होतं? मला 'मीटरकाका' म्हणतात त्यासाठी. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा एका ओळीत सांगता आलं असतं. मी 'पाणी जवळ असलेलं बरं' असं लिहिलं, म्हणजे उद्या काही झालं तर मी सांगितलं होतं म्हणायला मोकळा. त्यापुढं लिहिलं, 'बाकी झरा आहेच.' मग तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं, तू माझी माफी मागितलीस, तरी मी 'झरे आटतात' लिहून गप्प बसलो. गुडघ्याला काही झालेलं नाही.

गेल्या नऊ वर्षांत वहीत दोनशे चौदा नोंदी आहेत. त्यातल्या एकशे त्र्याऐंशी खोट्या. एकतीस खऱ्या, त्याही सपाटीवरच्या. माझा खरा आकडा ९,५१० किलोमीटर आणि ३,२९,४५० मीटर. आधीच्या अठरा वर्षांतलं सगळं खरं आहे, पण आता ते तू कशावरून मानशील, हे मी विचारूही शकत नाही.

दाजींना हे पत्र वाचून दाखव. मला येऊन त्यांच्या पायाशी बसायचं आहे. येऊ का ते तुम्ही सांगा.

मामा

२१ एप्रिल

मामा,

पत्र मिळून महिना झाला. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

बाबांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून गॅलरीत गेले. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ते शेळीचं विचार त्याला." तुम्ही एकदा लिहिलं होतं ना, शिखरावर तुम्ही डबा उघडून ठेवला आणि शेळीनं येऊन फस्त केला. ते वाचून आई इतकी हसली होती की नर्स धावत आली, मशीनची नळी हलली म्हणून. बाबांना जाणून घ्यायचंय, ते तरी खरं होतं का.

मी चौकीवर जाऊन आले. त्या वनरक्षकाची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, मामा तुमचे." मला ते सर्वांत जास्त लागलं. तुमच्यामुळं मी एका खऱ्या माणसाला खोटं पाडलं, आणि त्यानंच मला समजून घेतलं.

बाबांची मूठ अर्धी मिटते. सकाळी ते डाव्या हातानं दाढी करतात, कापून घेतात. शर्टाची बटणं मी लावते. माझ्याकडून करून घेताना ते भिंतीकडं बघतात.

तुम्ही सध्या येऊ नका.

खारू

३० एप्रिल

चि. खारूस,

तू मला 'तुम्ही' लिहिलंस. मला ते मोजूनमापून मिळालं आहे.

दाजींना सांग, शेळी खरी होती. डबाही खरा. जागा खोटी होती. ते तलावाच्या बाकावर घडलं, शिखरावर नाही. ताई हसली ते मात्र एका खऱ्या शेळीला हसली. एवढंच मला देता येतं.

सत्काराचं तुम्हाला कळायला हवं. तुझ्या उत्तराची वाट न बघता मी आधी मंडळाच्या चिटणीसांकडं गेलो. ते दाताचे डॉक्टर. दवाखान्यातच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मीटरकाका, आमंत्रणं गेली आहेत. वय झालं, आकडे थोडे इकडंतिकडं होतात. कोण तपासणार आहे?"

मी म्हटलं, "तपासायला गेले होते. हात मोडून आले."

ते बराच वेळ हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले, "तुम्हीच बोला मग. मी नाही बोलणार."

सत्काराला साठेक माणसं होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा आकडा खोटा आहे." सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय. पुढच्या रांगेतल्या एकानं टाळ्याही वाजवल्या. मला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदाही अर्धे हसतच होते. मग मी खिशातून यादी काढली आणि नोंदी वाचायला लागलो, तारीख, वाट, 'गेलो नाही'. तारीख, वाट, 'गेलो नाही'. पंधरावीस नोंदींनंतर हॉल शांत झाला. माझा आवाज माझाच मला ऐकू यायला लागला.

मागून एक शाळेतल्या बाई उठल्या. म्हणाल्या, "आडव्या वाटेच्या कड्याची नोंद? पुढच्या आठवड्यात मी तिथं मुलींना नेतेय. तुमच्याच वहीवरून वेळ काढलीय."

"त्या वाटेची सतरा वर्षांपूर्वीची नोंद धरा," मी म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वीची धरू नका. तिथं मला हात धरून उतरवलं होतं."

त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी खोडलं. मग आणखी एकानं विचारलं, मग आणखी एकानं. कुणी आवाज चढवला नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नंतर खुर्च्या आवरताना मी एक उचलली, तर एका पोरानं ती माझ्या हातातून घेतली आणि रचून ठेवली. मी तिथंच उभा राहिलो. कुणी मला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

आता दर गुरुवारी मंडळाच्या खोलीत बसतो. माझ्या वहीच्या तिथं सात प्रती आहेत. प्रत्येकीतल्या एकशे त्र्याऐंशी नोंदी तांबड्या शाईनं खोडतोय. वाचायला येणारे माझ्या बाजूला बसून वाचतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांच्या जाण्याची वाट बघावी आणि मग खोडावं. आता तसं करत नाही.

मामा

१४ जून

मामा,

बाबा म्हणाले, त्याला येऊ दे. का ते सांगितलं नाही. रविवारी या. माझी त्या दिवशी इस्पितळात ड्युटी आहे, ती मी बदलून घेतलेली नाही.

जिना चढताना कठड्याला हात लावू नका, रंग ओला आहे.

खारू

२४ जून

चि. खारूस,

रविवारी तू घरी नव्हतीस, म्हणून काय झालं ते लिहितो. काही वाढवून लिहिणार नाही.

दाजींनी दार उघडलं. मी वाटेत बोलायचं सगळं जुळवून आणलं होतं. म्हटलं, "दाजी, मी..."

"चपला आत घे, खालचं कुत्रं नेतं," ते म्हणाले. मग टेबलाकडं बोट दाखवलं. "आधी हे कापायचंय."

कुणा जुन्या गिऱ्हाइकाचा करड्या कापडाचा कोट होता. त्यांनी डाव्या हातानं खडूच्या रेघा मारल्या, एकेक रेघ तीनतीनदा पुसून. मोठी कात्री माझ्या हातात दिली. ती इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. मी कापत होतो, ते शेजारी उभे होते.

"हळू. कापड पळून जात नाही."

पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले. बाहीला माझी कात्री रेघेच्या आत गेली, बोटभर. मी थांबलो. "चुकलं," मी म्हटलं.

"दिसलं," ते म्हणाले. कापड उचलून उजेडाला धरलं. "शिवणीत थोडी जागा आहे. नाही भागलं तर गिऱ्हाइकाला सांगू."

मग आम्ही चहा घेतला. कप त्यांनी डाव्या हातात धरला होता. उजवा मांडीवर होता. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हतो, आणि न बघणंही जमत नव्हतं.

ते म्हणाले, "खिंडीत मी तासभर शोधत होतो. मला तिचा आवाज ऐकू येत होता, वाचतानाचा. उजव्या हाताला, कातळाखाली. मी दगड हलवून बघितले."

मी कप खाली ठेवला.

"मला तुझा राग आहे," ते म्हणाले. "तो जाईल असं वाटत नाही. तू मध्ये न बोलता ऐकून घे, एवढंच."

"हो," मी म्हटलं.

"तिला तू वर्षानुवर्षं खोटं वाचायला लावलंस. ती तुझे डोंगर खरे मानूनच मेली. तिला मी आता कसं सांगू?"

मी रडलो, खारू. दाजी रडले नाहीत. त्यांनी मला रडू दिलं आणि कप विसळून ठेवले. मला वाटलं, आता उठायला सांगतील. पण ते आत गेले आणि बाहेर जायचा शर्ट घालून आले. हाताच्या व्यायामाला जायची वेळ झाली होती. पुढची बटणं त्यांनी तू बटणांसाठी आणून दिलेल्या तारेच्या आकड्यानं कशीबशी लावली होती. डाव्या मनगटाचं राहिलं होतं. ते लावायला उजवा हात लागतो, आणि उजवा मिटत नाही.

थोडा वेळ ते दाराशी तसेच उभे राहिले, बहुतेक तुझी वाट बघावी का याचा विचार करत. मग त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला.

मी बटण लावलं. तीनदा सुटलं. तोवर दोघंही भिंतीकडं बघत होतो.

मामा